बुकिंगची खिडकी आणि चौकशीची खिडकी

मंडळी, आज जरा मोठं लिहितोय. विषय वेबसाईटचा आहे, पण सुरुवात लालबागच्या फुटपाथवरून करावी लागेल.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या तीन गाड्या सुटायच्या होत्या. वर्षानुवर्षं आमच्या गाड्या भारतमाता सिनेमाजवळून सुटतात. ही जागा चाकरमान्यांच्या पायाला पाठ आहे. पण त्या दिवशी आगमनाच्या मिरवणुका होत्या, रस्ता भरणार हे दिसत होतं. म्हणून गाड्या परळ एसटी डेपोच्या बाजूने सोडायचं ठरलं. बदल दोन दिवस आधी मंडळाच्या वेबसाईटवर टाकला आणि व्हॉट्सअॅपवर लिंक फिरवली.

आमच्या वाडीतली एक आजी लालबागच्या चाळीत एकटी राहते. नवरा गिरणीत होता, संपानंतर काही वर्षांनी गेला. तिने लिंक दाबली. पांढरं पान आणि मधोमध गोल फिरणारं चाक. पुन्हा दाबली. पुन्हा चाक. तिला वाटलं, असेल नेहमीचंच काहीतरी. शनिवारी ती दोन पिशव्या आणि माटवीचं सामान घेऊन भारतमाताजवळ जाऊन उभी राहिली. पावसात, अडीच तास. गाड्या पलीकडून कधीच निघून गेल्या होत्या. मंडळाचा फोन नंबर तिच्याकडे नव्हता, कारण तो वेबसाईटवर होता.

गावात भेटल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "ता चाक नुसता फिरतच रवला रे. माका वाटला, गाडी थयसूनच सुटतली."

ती वेबसाईट मी सांभाळतो. मी तालुक्याच्या गावातला पत्रकार. कॉम्प्युटर शिकलेला नाही, पण 'तुला लिहिता येतं ना, मग तूच बघ' या न्यायाने ते काम माझ्या गळ्यात पडलं. त्याच वर्षी जून महिन्यात तिच्यावर ऑनलाईन बुकिंगचं टूल मीच जोडलं होतं. व्हॉट्सअॅपवर सरळ दोन ओळींचा मजकूर न टाकता नुसती लिंक टाकायची, हे शहाणपणही माझंच. तेव्हा ही पोस्ट कुणावर टीका करायला नाही. चूक माझी आहे आणि ती कशी झाली हे शोधताना मला जुन्या मुंबईचा एक धडा सापडला. तो सांगतो.

शिवाजी मंदिरातला प्लॅन

२००१ ते २००३ मी मुंबईत होतो. पत्रकारितेची पदविका करत होतो आणि लालबागला काकांच्या गाळ्यात राहत होतो. एका खोलीत गावचे अकरा जण. रविवारी हातात पैसे असले की आम्ही दोघं-तिघं दादरला शिवाजी मंदिरला जायचो.

आमच्या पिढीला आठवत असेल, तेव्हा नाटकाचं तिकीट काढायचं म्हणजे 'प्लॅन' बघायचा. खिडकीच्या आत कागदावर सगळ्या खुर्च्यांचा नकाशा. तुम्ही म्हणायचं, "मधल्या दोन द्या, पाचव्या-सहाव्या रांगेत." आतला माणूस त्या चौकोनांवर खूण करायचा आणि तिकीट फाडून द्यायचा. शिवाजी मंदिर १९६५ साली उघडलं. गिरगावात साहित्य संघ, परळला दामोदर, दादरला शिवाजी मंदिर. नाट्यगृह कोणतंही असो, बुकिंगच्या खिडकीमागे असा प्लॅन असायचाच.

आता एक गोष्ट नीट बघा. एका प्रयोगाचा प्लॅन एकच असतो. दोन असू शकत नाहीत. दोन माणसांच्या हातात दोन प्लॅन दिले, तर एकाच खुर्चीवर दोन कुटुंबं येऊन बसतील आणि तिसरी घंटा होईपर्यंत भांडण चालेल. म्हणजे खिडकीवर रांग लागणारच. ती कुणाच्या आळसामुळे लागत नाही. खुर्ची एक, म्हणून नोंदही एकाच जागी. म्हणून रांग.

पण नाटक कोणतं, प्रयोग कुठे, किती वाजता, कलाकार कोण, हे विचारायला त्या रांगेत कुणी उभं राहत नव्हतं. ते सगळं सकाळच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींच्या पानावर होतं. त्याच्या हजारो प्रती घरोघर गेलेल्या असायच्या. नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर तेच पुन्हा लिहिलेलं. 'हाऊसफुल्ल'ची पाटीसुद्धा बाहेरच लावायची, म्हणजे माणूस रस्त्यावरून बघूनच मागे फिरेल, खिडकीवर येऊन आतल्या माणसाचा वेळ घेणार नाही.

प्लॅन एकच, माहितीच्या प्रती मात्र हव्या तितक्या. नाट्यगृहवाल्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. रोजच्या गर्दीने शिकवलं.

दादरची रांग

दुसरी रांग दादर स्टेशनची. ती नाटकापेक्षा जास्त जिव्हाळ्याची, कारण ती गावाला जायची.

कोकणात रेल्वे यावी हे स्वप्न दोन-तीन पिढ्यांनी पाहिलं. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांनी ते लावून धरलं, ई. श्रीधरन यांनी ते रुळांवर आणलं आणि २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग सुरू झाला. त्याआधी आमचे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गेले, वडील एसटीने गेले. आम्ही रेल्वेवाले.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी जाड रजिस्टरांवर चालायचं. गाडीनुसार आणि तारखेनुसार वह्या. ठराविक गाडीचं आरक्षण ठराविक खिडकीवरच. चुकीच्या रांगेत तासभर उभं राहिलात तर तो तास गेला. १९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं. १९८६ साली रेल्वेने माहिती-तंत्रज्ञानासाठी 'क्रिस' ही स्वतःची संस्था काढली. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद इथेही यंत्रणा उभी राहिली आणि १९९९पर्यंत ही पाच केंद्रं एकमेकांना जोडली गेली. तेव्हापासून दादरच्या कोणत्याही आरक्षण खिडकीवर देशातल्या कोणत्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं.

काकांना हा चमत्कार वाटायचा. पण हेच लक्षात घ्या की खिडक्या हजारो झाल्या तरी प्लॅन एकच राहिला. आधी लाकडी फळीच्या मागे होता, आता संगणकात गेला. कोकणकन्येची एक बर्थ तेव्हाही एकदाच विकता येत होती, आजही एकदाच.

गणपतीच्या आरक्षणासाठी आम्ही आदल्या रात्री दादरला नंबर लावायचो. कुणीतरी शाळेची वही आणायचा, आलेल्या माणसाचं नाव लिहायचा आणि दर दोन तासांनी हजेरी घ्यायचा. नाव पुकारल्यावर हजर नसाल तर कट. ही यंत्रणा रेल्वेची नव्हती, रांगेतल्या लोकांनीच उभी केलेली. तिथेही एक साधी गोष्ट पाळली जायची. कोणती गाडी कुठे थांबते, मुलाचं अर्धं तिकीट कसं, फॉर्म कसा भरायचा, हे रांगेतला माहीतगार माणूस मागच्यांना आधीच समजावून सांगायचा. खिडकीवर पोचलात की फॉर्म भरलेला, पैसे मोजलेले. खिडकीवर विचारत बसलात तर मागून शंभर माणसं ओरडायची. रेल्वेचीही चौकशीची खिडकी वेगळी आणि आरक्षणाची वेगळी असतेच.

आठ वाजता काय होतं

मग ३ ऑगस्ट २००२ उजाडला. आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकिटं सुरू केली. सुरुवातीला तिकीट नेटवर काढायचं आणि छापील तिकीट कुरिअरने घरी यायचं. २००५ साली ई-तिकीट आलं, कुरिअरची गरज संपली. आमच्या गाळ्यात कुणाकडे कॉम्प्युटर नव्हता. परळच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही तो प्रकार पाहिला होता. दादरची रात्र वाचणार म्हणून भारी वाटलं होतं.

रांग मात्र वाचली नाही, ती फक्त दिसेनाशी झाली. सकाळी आठ वाजता आरक्षण उघडायचं आणि देशभरातली माणसं एकाच मिनिटाला एकाच दारावर धडकायची. तात्काळची तिकिटंही तेव्हा आठलाच. चाक फिरतंय, पान पांढरं पडतंय, पैसे कापले गेले पण तिकीट नाही. हा अनुभव तुमच्यापैकी कुणाला आला नसेल तर त्याने हात वर करावा.

रेल्वेने यावर काय काय केलं हे क्रमाने बघण्यासारखं आहे. आपण 'सर्व्हर डाऊन' म्हणून शिव्या घालून मोकळे होतो, पण त्या मागे बराच विचार झालेला आहे.

पहिला उपाय पैशाचा नव्हता, घड्याळाचा होता. १० जुलै २०१२पासून तात्काळची वेळ आठवरून दहावर नेली. नेहमीच्या आरक्षणाची गर्दी आठला, तात्काळची दहाला. जून २०१५मध्ये तीही फोडली. एसीसाठी दहा, बिगर-एसीसाठी अकरा. दार तेवढंच, पण धक्का तीन वेळांत वाटला गेला.

दुसरा उपाय यंत्रणेचा. १३ ऑगस्ट २०१४ला नवी ई-तिकीट यंत्रणा सुरू झाली. मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२००वर गेली आणि एका वेळी ४० हजारांऐवजी १ लाख २० हजार लोकांना सामावून घेण्याची सोय झाली.

तिसरा उपाय अलीकडचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. २०२५ साली रेल्वेने जाहीर केलं की तात्काळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होतात, त्यातले निम्म्यापर्यंत माणसांचे नसतात, बॉटचे असतात. म्हणजे एजंटांनी सोडलेल्या संगणकी प्रोग्रॅमचे. त्यांना अडवणारी यंत्रणा बसवली. सुमारे अडीच कोटी खाती बंद केली. सोबत 'सीडीएन' आणलं. सीडीएन म्हणजे काय, तर वेबसाईटच्या न बदलणाऱ्या भागाच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि तुमच्या जवळच्या सर्व्हरवरून तुम्हाला द्यायच्या. चित्रं, अक्षरं, मांडणी जवळून येते. मुख्य सर्व्हरकडे जायचं ते फक्त बर्थसाठी. २२ मे २०२५ला सकाळी दहा वाजताच्या एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली. तोवरचा तो उच्चांक होता.

सीडीएनबद्दल वाचलं तेव्हा मला पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान आठवलं. अगदी तीच युक्ती. प्लॅन एका जागी, बाकी सगळ्याच्या प्रती गावोगाव.

माझी चूक नेमकी कुठे झाली

आता आमच्या मंडळाच्या वेबसाईटकडे येऊ. ती आधी साधी होती. गावचा इतिहास, ग्रामदेवतेचे फोटो, गाड्यांच्या वेळा, कार्यकारिणीचे नंबर. साधी असली तरी पटकन उघडायची. बुकिंग फोनवर चालायचं. खजिनदार काका वहीत नाव लिहायचे आणि दर वर्षी एक-दोन सीट डबल व्हायच्या. म्हणून ठरलं, ऑनलाईन करू.

एका कंपनीचं तयार टूल मिळालं. त्यांनी चार ओळींचा कोड दिला. 'वेबसाईटमध्ये चिकटवा, झालं.' मी तो चिकटवला, आणि चिकटवला तो अशा ठिकाणी की वेबसाईटच्या प्रत्येक पानावर लागू झाला. मला वाटलं, कुठूनही बुकिंग करता आलं तर लोकांची सोयच.

त्या चार ओळी म्हणजे फक्त दाराची कडी. पान उघडलं की त्या ओळी कंपनीच्या सर्व्हरकडे धावायच्या. तिथून कॅलेंडर, सीटचा नकाशा, पैसे भरायची सोय, वेगळ्या वळणाची अक्षरं, शिवाय कोण कुठून आलं हे मोजणारे दोन-तीन प्रोग्रॅम यायचे. हे सगळं येऊन बसेपर्यंत आमचं स्वतःचं पान थांबून राहायचं. कंपनीचा सर्व्हर दमला की आमचं पानही दमायचं. आणि हे ग्रामदेवतेच्या इतिहासाच्या पानावरसुद्धा! तिथे कोण सीट बुक करणार होतं?

माझ्या घरच्या वाय-फायवर, बऱ्या फोनवर मला फरक जाणवला नाही. मी एकदा बघितलं आणि 'चालतंय' म्हणून सोडून दिलं. आजीचा फोन नातवाने वापरून दिलेला, चार-पाच वर्षं जुना. चाळीच्या मागच्या खोलीत रेंज एक काडी. त्यातच गणपतीचा आठवडा, लालबागमध्ये माणसावर माणूस आणि सगळ्यांचे फोन चालू. नंतर मी तशाच जुन्या फोनवर, वाय-फाय बंद करून, घड्याळ लावून पाहिलं. गाडीची जागा दिसायला सतरा सेकंद लागले. गूगलच्या मापाने पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा. सतरा सेकंद कुणी थांबत नाही. मीसुद्धा थांबलो नसतो.

थोडक्यात, मी चौकशीची खिडकी बंद करून सगळ्यांना बुकिंगच्या रांगेत उभं केलं होतं. ज्यांना फक्त 'गाडी कुठून सुटणार' एवढंच विचारायचं होतं, त्यांनाही.

मग काय केलं

दिवाळीनंतर मंडळाच्या एका तरुण कार्यकर्त्याला घेऊन बसलो. तो आयटीत आहे, प्रभादेवीला राहतो. दोन रविवार लागले. जे केलं ते सांगतो. कुणाच्या मंडळाला, वाचनालयाला, होम-स्टेला किंवा दवाखान्याला उपयोग होईल.

एक. बुकिंगचं टूल सगळ्या पानांवरून काढलं आणि एकाच वेगळ्या पानावर ठेवलं. मुख्य पानावर फक्त एक साधं बटण, 'सीट बुक करा'. टूल त्या पानावर गेल्यावरच येतं. ज्याला बुकिंग करायचं आहे तो दोन-चार सेकंद थांबतो, त्याची तक्रार नसते. चौकशीवाल्याला थांबावं लागत नाही.

दोन. त्या बुकिंगच्या पानावरही वेळा, भाडं, जागा आणि फोन नंबर आधी दिसतात. टूल त्यांच्या खाली येतं, आणि त्याच्यासाठी रिकामी जागा आधीच राखून ठेवली आहे. नाहीतर काय व्हायचं, वाचता वाचता मध्येच कॅलेंडर टपकायचं, मजकूर खाली ढकलला जायचा आणि बोट भलत्याच बटणावर पडायचं.

तीन. टूलमध्ये जे आम्हाला नको होतं ते बंद केलं. चॅटची खिडकी, नकाशा, मोजणारे प्रोग्रॅम. कंपनीला विचारल्यावर बरंचसं बंद करता येतं हे कळलं. आम्ही विचारलंच नव्हतं.

चार. फोटो लहान केले. ही चूक टूलची नव्हती, माझीच होती. पालखीचे फोटो मोबाईलमधून काढून तसेच्या तसे चढवले होते. प्रत्येक फोटो भिंतीवर लावायच्या पोस्टरएवढा.

पाच. न बदलणारी पानं तयार ठेवली, म्हणजे दर वेळी नव्याने बनवावी लागत नाहीत. पण सीट किती शिल्लक आहेत, हे मात्र असं साठवून ठेवायचं नाही. ते दर वेळी ताजंच विचारायचं. नाहीतर गेलेली सीट शिल्लक दिसेल आणि खजिनदार काकांच्या वहीतली डबल सीट परत येईल. इतिहासाचं पान शिळं चालतं, प्लॅन शिळा चालत नाही.

सहा. आणि हे सगळ्यात स्वस्त. दर महिन्याला, आणि टूलमध्ये काही बदल झाला की लगेच, जुन्या फोनवर मोबाईल डेटाने वेबसाईट उघडून बघायची. शक्य तर संध्याकाळी सहाला दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहून. तिथे उघडली तर कुठेही उघडेल.

आता त्याच जुन्या फोनवर गाडीची जागा तीन सेकंदांच्या आत दिसते. अडीचच्या आत अजून नाही आली, प्रयत्न चालू आहे.

वेग कुणासाठी

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेबसाईट कितीही वेगवान झाली तरी सीट वाढत नाहीत. मिनिटाला बत्तीस हजार तिकिटं निघाली म्हणजे कोकणच्या गाड्यांना डबे वाढले असं नाही. उलट यंत्रणा जितकी वेगवान तितकी वेटिंग लिस्ट लवकर दिसते, एवढंच. गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात ही बातमी मी स्वतः दर वर्षी लिहितो. फक्त तारीख बदलतो.

शिवाय वेगाचा फायदा आधी त्याला मिळतो ज्याचा फोन भारी, नेट भारी, बोट चपळ. दादरच्या रांगेतल्या त्या वहीत निदान रात्री आधी येणाऱ्याचं नाव आधी होतं. म्हातारी बाई आली तर कुणीतरी "आजी, तुम्ही बसा, मी नंबर धरतो" म्हणायचं. नेटवरच्या रांगेत शेजारचा दिसतच नाही. त्या रांगांचं कौतुक मला नाही. डासांत काढलेल्या रात्री मी विसरलेलो नाही. पण रांग कशी लागते, कोण पुढे जातं, हे तेव्हा डोळ्यांना दिसत होतं. आता ते दिसावं म्हणून नियम करावे लागतात. जुलै २०२५पासून तात्काळसाठी आधार सक्तीचं झालं. ऑक्टोबर २०२५मध्ये ते नेहमीच्या आरक्षणाच्या पहिल्या १५ मिनिटांसाठीही सक्तीचं केलं गेलं. तात्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास अधिकृत एजंटांनाही बंदी. हे नियम कुणाला जाचक वाटतात, कुणाला योग्य. त्यांचा हेतू मात्र जुनाच आहे, रांगेत मध्येच घुसणाऱ्याला बाहेर काढायचं.

सीट सगळ्यांना देता येत नाही, हे मान्य. पण माहिती सगळ्यांना देता येते. ती दिल्याने संपत नाही. गाडी कुठून सुटणार, दवाखाना किती वाजता उघडणार, दाखल्याला कोणते कागद लागणार, पाणी कधी येणार. ही माहिती बुकिंगच्या, लॉगिनच्या, ओटीपीच्या मागे दडवायची काहीच गरज नाही. तरी आज सगळीकडे हेच चाललंय. काहीही विचारायला गेलात की आधी अॅप घ्या, आधी नंबर टाका, आधी चाक फिरू द्या. सरकारी असो, खासगी असो, नाहीतर आमच्यासारखं गावचं मंडळ असो. सोय म्हणून बुकिंग जोडतो आणि त्याच्या वजनाखाली साधी चौकशी दबून जाते. आणि ती दबते तेव्हा फटका बसतो तो ज्याचा फोन जुना, ज्याच्या घरात सांगायला दुसरं कुणी नाही, त्याला.

यंदा मंडळाच्या सभेत मी दोन ठराव मांडले. दोन्ही मंजूर झाले. पहिला, गाडीची जागा किंवा वेळ बदलली तर नुसती लिंक नाही, पूर्ण मजकूर मेसेजमध्ये टाकायचा. दुसरा, साठीच्या वरच्या प्रत्येक प्रवाशाला आदल्या दिवशी फोन करायचा. खजिनदार काका म्हणाले, "म्हणजे परत माझी वहीच आली की!" आली. बुकिंग टूलवर राहील, वही फोनसाठी.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या मंडळाची, संस्थेची, दुकानाची वेबसाईट असेल तर आज घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वाय-फाय बंद करा आणि तुमचा स्वतःचा फोन नंबर त्यावर शोधून दाखवा. किती सेकंद लागले ते खाली लिहा. लाजू नका, माझे सतरा मी सांगून टाकलेत.

परवा लालबागला गेलो होतो. आजीला तिच्याच फोनवर पान उघडून दाखवलं. तिने चष्मा लावून जागा, वेळ, नंबर सगळं वाचलं. मग फोन बाजूला ठेवून म्हणाली, "बरा झाला. पण तू फोन कर हां."

करणार आहे.